रूट कॅनालनंतरची पोस्ट : केव्हा हवी, केव्हा नको

रूट कॅनाल उपचार झाल्यानंतर दंतवैद्याने 'आता दातात पोस्ट बसवावी लागेल' असे सांगितले, की अमरावती-अकोल्याकडील रुग्णांच्या मनात बहुधा तेच तेच प्रश्न उभे राहतात : नस काढली, मसाला भरला, दुखणे थांबले, मग हे आणखी कशासाठी, घरातल्याच दुसऱ्याच्या दाढेला पोस्टशिवाय कॅप बसली, मग आपल्यालाच का, फायबरची घ्यावी की धातूची, आणि बिलात वेगळी लावली जाणारी ही वस्तू खरोखर आवश्यक आहे का, हे कोणाला विचारावे. प्रस्तुत लेख हे प्रश्न सोडवण्यापुरता मर्यादित आहे. दंतशास्त्राचे सविस्तर विवेचन येथे केलेले नाही. निर्णय घेण्यास लागेल तेवढेच सांगितले आहे.

पोस्ट नेमके काय करते

रूट कॅनालमध्ये दाताच्या आतील मऊ भाग, म्हणजे बोलीतील 'नस', काढून मुळातील पोकळ नळी स्वच्छ केली जाते आणि ती गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरली जाते. कीड, तुटणे किंवा जुने मोठे सिमेंट यांमुळे दाताचा वरचा भाग अशा वेळी बराच नष्ट झालेला असतो आणि उरलेल्या ठिसूळ भिंतींवर कॅपला थेट आधार मिळत नाही. म्हणून आधी आतून एक गाभा, ज्याला दवाखान्यात 'कोअर' म्हणतात, उभा करावा लागतो. हा गाभा ज्या दातावर उभा करायचा त्याच्या भिंतीच उरलेल्या नसतील, तर मुळाच्या नळीत एक बारीक दांडी चिकटवून तिच्या वर आलेल्या टोकाभोवती गाभा बांधला जातो. ही दांडी म्हणजे पोस्ट. काही रुग्ण तिला पिन किंवा रॉड असेही म्हणतात.

येथे एक गैरसमज मुळातून काढून टाकणे आवश्यक आहे. इमारतीच्या खांबात सळई घातली की खांब मजबूत होतो, तशी पोस्ट घातली की दात मजबूत होतो, असे रुग्णांना वाटते आणि काही ठिकाणी तसे सांगितलेही जाते. परंतु ते बरोबर नाही. पोस्टचे काम गाभ्याला धरून ठेवण्याचे आहे, मुळाला बळ देण्याचे नाही. उलट पोस्टसाठी नळी रुंद करताना मुळाचा आतील निरोगी भाग थोडा खरवडावा लागतो आणि तेवढ्या प्रमाणात मूळ कमकुवतच होते. सोरेन्सन व मार्टिनॉफ यांनी १९८४ मध्ये रूट कॅनाल झालेल्या हजाराहून अधिक दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही पोस्ट घातल्यामुळे दात टिकण्याचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. मागच्या दातांना मात्र कॅपमुळे स्पष्ट लाभ दिसला. त्यामुळे 'मजबुतीसाठी पोस्ट घालून घ्या' हे कारण पुरेसे नाही, आणि 'गाभ्याला दुसरा आधार नाही म्हणून पोस्ट' हे कारण योग्य आहे, असा भेद आपण सुरुवातीलाच मनाशी पक्का करावा.

आपल्या दाताला पोस्ट लागेल का

याचे उत्तर दात कोणता आहे आणि त्याच्या किती भिंती उरल्या आहेत, या दोन गोष्टींवरून ठरते.

- दाढ : दाढेच्या मध्यभागी नसेची खोलगट पोकळी असते आणि तिच्यातच गाभ्याला पकड मिळू शकते, म्हणून तीन-चार भिंती शिल्लक असलेल्या दाढेला सहसा पोस्ट लागत नाही, केवळ गाभा आणि कॅप पुरते. एखादीच भिंत उरली असेल किंवा एकही उरली नसेल, तर पोस्टचा विचार होतो आणि ती बहुधा सर्वांत रुंद व सरळ मुळात, म्हणजे वरच्या दाढेत टाळूकडील आणि खालच्या दाढेत मागील मुळात, बसवली जाते.
- उपदाढ : सुळा आणि दाढ यांच्या मधले हे दात आकाराने लहान, मुळाने बारीक आणि चावण्याचा तिरका भार घेणारे असतात. दोन किंवा अधिक भिंती गेल्या असतील तर येथे पोस्ट लागण्याची शक्यता दाढेपेक्षा जास्त असते.
- पुढचा दात : नस काढण्यासाठी मागून पाडलेल्या छिद्राखेरीज दात अखंड असेल, तर पोस्ट तर नकोच, पण बहुतेक वेळा कॅपही नको, ते छिद्र दाताच्या रंगाच्या कंपोझिटने बंद करणे पुरेसे असते. दात अर्धा किंवा हिरडीपर्यंत मोडला असेल तर मात्र पोस्टवाचून गाभा टिकत नाही.

शेजाऱ्याची दाढ पोस्टशिवाय निभावली आणि आपल्या उपदाढेला ती सांगितली, यात विसंगती का नाही, हे यावरून लक्षात येईल.

खरा प्रश्न : हिरडीच्या वर किती दात शिल्लक आहे

पोस्ट कोणत्या पदार्थाची यावर रुग्ण जेवढा वेळ घालवतात, त्याच्या निम्मा वेळ तरी या प्रश्नावर घालवणे हिताचे ठरेल. कॅपची कड हिरडीजवळ दाताला जेथे टेकते, तेथून वर दाताची स्वतःची निरोगी भिंत सभोवार किमान दीड ते दोन मिलिमीटर उंच आणि सुमारे एक मिलिमीटर जाड असावी लागते, आणि कॅपने ती कडीसारखी बाहेरून आवळून धरावी लागते. या पकडीला दंतवैद्यकात फेरूल म्हणतात. विळ्याच्या लाकडी मुठीवर जेथे पाते घुसते तेथे लोखंडी कडी ठोकलेली असते आणि ती नसली तर मूठ उभी फाटते. फेरूलचे काम तंतोतंत तेच आहे. फेरूल असेल तर कोणतीही योग्य पोस्ट बहुधा टिकते, आणि फेरूल नसेल तर महागातली महाग पोस्टही चावण्याचा सगळा भार मुळावर टाकते, ज्यामुळे एक तर ती सुटून येते किंवा मूळ उभे चिरते.

म्हणून दंतवैद्यांना पहिला प्रश्न असा विचारावा : 'माझ्या दाताला फेरूल मिळेल का, आणि किती?' उत्तर 'नाही' किंवा 'एका बाजूलाच' असे आले, तर पुढील पर्यायांची चर्चा पोस्ट बसवण्याआधी व्हायला हवी, नंतर नव्हे :

1. हिरडी व तिच्याखालचे थोडे हाड कमी करून दाताचा अधिक भाग उघडा करणे. ही लहान शस्त्रक्रिया असते. मूळ आखूड असेल तर ती उपयोगी पडत नाही.
2. तारेच्या साहाय्याने मूळ हळूहळू बाहेर ओढून घेणे. यास काही आठवडे ते महिने लागतात आणि हा पर्याय मुख्यतः पुढच्या दातांना सोयीचा असतो.
3. दात काढून त्या जागी इम्प्लांट, शेजारच्या दातांवर आधारलेला ब्रिज किंवा काढता-घालता येणारा दात बसवणे.

रूट कॅनालवर आधीच पैसे खर्च झालेले असतात, म्हणून तिसरा पर्याय ऐकताना जिवावर येते; परंतु वाचण्याची शक्यता नसलेल्या मुळात पोस्ट आणि कॅप यांचा खर्च ओतणे हे तोट्यात आणखी भर घालण्यासारखे आहे. खरे तर दात पुढे बांधता येईल की नाही, याचा अंदाज रूट कॅनाल सुरू करण्याआधीच घेतला गेला पाहिजे आणि आपणही तो तेव्हाच विचारला पाहिजे.

फायबर की धातू

सध्या प्रामुख्याने दोन प्रकार वापरले जातात. काचेच्या तंतूंपासून तयार केलेली फायबर पोस्ट तयार मापात मिळते, दाताच्या रंगाला जुळते, रेझिन सिमेंटने चिकटवली जाते आणि गाभ्यासह बहुधा एकाच भेटीत पूर्ण होते. धारणीहून घाट उतरून परतवाड्याला किंवा अमरावतीला येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही शेवटची बाब लहान नाही. धातूची कास्ट पोस्ट मुळाचे माप घेऊन प्रयोगशाळेत ओतली जाते, तिच्यात दांडी आणि गाभा एकसंध असतात, आणि ती लंबवर्तुळाकार किंवा फार रुंद नळीत अधिक नेमकी बसते; मात्र तिला किमान दोन भेटी लागतात आणि मधल्या काळात नळीत लाळ शिरण्याचा धोका असतो.

टिकाऊपणापेक्षाही दोहोंतील महत्त्वाचा फरक त्या निकामी कशा होतात यात आहे. फायबर पोस्टची लवचीकता दाताच्या आतील कठीण भागाच्या, म्हणजे डेंटिनच्या, बरीच जवळ असल्यामुळे अतिभार आल्यास ती बहुधा सुटते किंवा तुटते आणि दात पुन्हा दुरुस्त करता येतो. धातूची पोस्ट स्वतः सहसा मोडत नाही, पण भार मुळाकडे ढकलते आणि मूळ चिरले तर दात काढण्याखेरीज उपाय राहत नाही. फेरूल चांगले असताना सामान्यतः फायबरला प्राधान्य देणे त्यामुळे समंजसपणाचे ठरते. तथापि फायबर चिकटण्यावर अवलंबून असल्याने नळी पूर्ण कोरडी न ठेवता बसवलेली फायबर पोस्ट ही काळजीपूर्वक बसवलेल्या कास्ट पोस्टपेक्षा वाईटच. आटे असलेली, स्क्रूसारखी फिरवून बसवली जाणारी धातूची पोस्ट अजून काही ठिकाणी वापरली जाते. तिचे आटे मुळाच्या भिंतीत रुततात आणि चीर पडण्याचा धोका वाढवतात, म्हणून ती सुचवली गेल्यास दुसरे मत अवश्य घ्यावे. कृत्रिम दागिन्यांमुळे कातडीला खाज सुटत असेल, म्हणजे निकेलची ॲलर्जी असेल, तर कास्ट पोस्ट व कॅपचा धातू ठरवण्याआधी तसे सांगावे.

बसवताना कशाकडे लक्ष द्यावे

उपचाराच्या खुर्चीवर रुग्णाने दंतवैद्याचे परीक्षण करीत बसणे अपेक्षित नाही. परंतु काही गोष्टी आधी विचारता येतात आणि नंतर क्ष-किरण चित्रात पाहता येतात. दाताभोवती रबर डॅम, म्हणजे लाळ अडवणारा पातळ रबरी पडदा, लावणार का, हे विचारावे. काम झाल्यावर चित्र दाखवण्याची विनंती करावी आणि पुढील बाबी समजून घ्याव्यात :

- मुळाच्या टोकाशी चार ते पाच मिलिमीटर गटापर्चा तसाच ठेवलेला असावा, कारण टोक घट्ट बंद राहणे त्यावरच अवलंबून असते.
- पोस्टचे टोक आणि गटापर्चा यांच्यामध्ये रिकामी काळी फट नसावी.
- पोस्ट पुरेशी खोल असावी. ढोबळमानाने तिची मुळातील लांबी कॅपच्या उंचीइतकी तरी असावी.
- पोस्टची जाडी मुळाच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक नसावी.

फायबर पोस्ट चित्रात धातूसारखी ठळक पांढरी दिसत नाही, त्यामुळे 'पोस्ट घातलीच नाही' असा संशय काही रुग्ण घेतात. आरोप करण्याआधी तिची फिकट छाया दाखवण्यास सांगावे.

कॅप लांबणीवर टाकायची असेल तर

वऱ्हाडात ही अडचण नेहमीची आहे. मृगाच्या पेरणीत पैसा मातीत गेलेला असतो, सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि कापूस त्यानंतर हाती येतो. दुखणे थांबले की उरलेले काम 'माल विकल्यावर करू' म्हणून पुढे ढकलले जाते. ही ढकलाढकल नेमकी चुकीच्या टप्प्यावर होते, कारण रूट कॅनालनंतर भरलेले तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांपुरतेच असते आणि ते झिजले की लाळेतील जंतू मुळापर्यंत पोहोचून केलेला उपचार फुकट जातो. अमेरिकेत अ‍ॅक्विलिनो व कॅप्लन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅप न बसवलेले रूट कॅनालचे दात कॅप बसवलेल्या दातांच्या तुलनेत सहापट दराने गमावले गेल्याचे आढळले होते.

पैशाची सोय होईपर्यंत थांबणे अटळ असेल, तर थांबण्याची जागा बदलावी. तात्पुरत्या सिमेंटवर न थांबता पोस्ट (लागत असल्यास) आणि पक्क्या साहित्याचा गाभा पूर्ण करून घ्यावा, चावताना त्या दातावर पूर्ण भार येऊ नये म्हणून त्याची उंची किंचित कमी करण्यास सांगावे, आणि कॅप तेवढी पुढे ढकलावी. तात्पुरते सिमेंट निघून दात महिनोन्‌महिने उघडा राहिला असेल, तर तसाच पोस्ट बसवण्याचा आग्रह धरू नये. अशा वेळी रूट कॅनाल पुन्हा करावा लागण्याची शक्यता असते आणि दंतवैद्याने तसे सांगितले तर ते पैसे उकळणे नव्हे.

खर्रा, सुपारी आणि रोडगे

खर्रा व सुपारी खाणाऱ्यांच्या बाबतीत दोन स्वतंत्र अडचणी येतात. सततच्या कडक चावण्याने दात झिजतात आणि चिरतात, ही एक. आणि सुपारीमुळे गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड कमी उघडू लागते, ही दुसरी व अधिक गंभीर. तोंड दोन बोटेच उघडत असेल तर मागच्या दाढेपर्यंत उपकरणे सरळ पोहोचत नाहीत आणि रूट कॅनाल किंवा पोस्ट नीट करणेच अशक्य होऊन बसते. शिवाय सुपारीमुळे तोंड आखडण्याची ही अवस्था कर्करोगाची पूर्वावस्था मानली जात असल्याने तिची तपासणी दाताच्या कामाआधी करून घ्यावी.

आहाराबाबत अतिरेकी पथ्याची गरज नाही. भाकरी, वरण, भाजी या दातांनी निश्चिंतपणे खावी. मात्र कॅप बसेपर्यंत फुटाणे, ऊस, गोवऱ्यांवर भाजलेले कडक रोडगे आणि हाडाचे तुकडे त्या बाजूने चावू नयेत. बहिरमच्या यात्रेत हंडीचे मटण समोर आले म्हणजे हा नियम मोडतो, हे ठाऊक असूनही तो येथे नोंदवला आहे.

कोठे करून घ्यावे

पोस्ट आणि कॅपचे काम बी.डी.एस. झालेले नोंदणीकृत दंतवैद्य करू शकतात. दात हिरडीपर्यंत मोडलेला असेल, जुनी पोस्ट काढायची असेल किंवा रूट कॅनाल दुसऱ्यांदा करायचा असेल, तर एन्डोडॉन्टिक्स किंवा प्रोस्थोडॉन्टिक्स या विषयातील एम.डी.एस. तज्ज्ञाकडे जाणे योग्य. खर्च हा मुख्य अडथळा असल्यास अमरावतीचे विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय, अकोला जिल्ह्यात कान्हेरी येथील डॉ. राजेश रामदासजी कांबे दंत महाविद्यालय किंवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय यांच्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करावी. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे शुल्क सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी असते, पण फेऱ्या अधिक होतात, म्हणून एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी धरून हिशेब करावा. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात दात तपासून घेता येतो. पोस्ट व कॅप तेथे होते का, हे मात्र आधी विचारून घ्यावे. आठवडी बाजारात बसून दात लावून देणाऱ्यांकडे जाऊ नये. नोंदणीविना दंतव्यवसाय करणे कायद्याने गुन्हा आहे.

काही बिघडल्यास

पोस्टसह कॅप निघून आली तर ती फेकू नये आणि घरच्या घरी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवू तर मुळीच नये. लहान डबीत ठेवून दोन-चार दिवसांच्या आत दंतवैद्याकडे न्यावी, कारण मूळ शाबूत असल्यास बऱ्याचदा तीच पुन्हा बसवता येते. हिरडीवर पुन्हा पुन्हा येणारी पुळी, विशिष्ट कोनातच चावल्यावर होणारी कळ, किंवा दाताच्या एकाच बाजूला हिरडीत खोल गेलेली फट ही लक्षणे मूळ उभे चिरल्याची असू शकतात. प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी अशी पुळी काही दिवस बसते, चीर बुजत नाही. गोळ्यांवर महिने काढू नयेत.

हक्क आणि तक्रार

रूट कॅनालला दिलेली संमती ही पोस्टला दिलेली संमती नव्हे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे, की एका प्रक्रियेला दिलेल्या संमतीवरून, जीव वाचवण्याची तातडी नसताना, दुसरी प्रक्रिया उरकता येत नाही. त्यामुळे पोस्टचे कारण, प्रकार, पर्याय आणि स्वतंत्र खर्च आधी समजून घेणे, पोस्ट, गाभा व कॅप यांचे वेगवेगळे आकडे असलेले बिल मागणे, क्ष-किरण चित्रांची प्रत घेणे आणि दुसरे मत घेणे हे रुग्णाचे हक्क आहेत. ते मागताना संकोच करण्याचे कारण नाही. विम्याबाबत फार आशा ठेवू नये, कारण बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत अपघाताखेरीज होणारा दातांचा खर्च वगळलेला असतो.

तक्रारीची वेळ आलीच, तर प्रथम संबंधित दंतवैद्यांना लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्यावी. उपचार अपयशी ठरणे आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योग्य रीतीने बसवलेली पोस्टही सुटू शकते, परंतु मुळाला बाजूने छिद्र पडूनही ते लपवून वर कॅप चढवणे हा निष्काळजीपणाचा मुद्दा होऊ शकतो. व्यावसायिक वर्तनाबाबतची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे, आणि भरपाईची मागणी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अमरावती किंवा अकोल्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे करता येते. उपचार नागपूरला किंवा पुण्याला झाला असला तरी तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. सर्वांनाच मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयातील उपचार या कायद्यात येत नाहीत; तेथील तक्रार जिल्हा शल्यचिकित्सक किंवा अधिष्ठाता यांच्याकडे लेखी द्यावी. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, आणि तेथे बिल व क्ष-किरण चित्र यांवाचून रुग्णाची बाजू मांडणे कठीण जाते. म्हणून ही दोन कागदपत्रे दवाखान्यातून निघतानाच मागून घ्यावीत.